लाँगबोर्डला फिन कुठली लावू? थांबा, आधी आहे तीच सरकवून बघा

डिसेंबरात मामेभावाचा पुण्याहून फोन आला. गडी दोन सीझन गोव्याला आश्वेला जाऊन सर्फिंग शिकला, मग कोणाचा तरी वापरलेला लाँगबोर्ड घेतला, ९ फूट २ इंच, आणि आता म्हणतो बोर्ड बिघडलाय. "दादा, उभा राहिलो आणि जरा बाजूला वळवला की शेपूटच सटकतं रे, साबणाच्या वडीवर पाय पडल्यासारखं." म्हटलं बोर्ड उलटा कर आणि खालचा फोटो पाठव. फोटो आला आणि रोग लगेच दिसला. बोर्ड टू-प्लस-वन होता, म्हणजे मध्ये एक मोठी फिन (बोर्डाच्या तळाला शेपटीकडे उभं बसवलेलं पातं) आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटी, अशी ज्याची मूळ मांडणी, आणि या पठ्ठ्याने इन्स्टावर लोक एका फिनवर झकास लाँगबोर्डिंग करतात ते बघून बाजूच्या दोन्ही काढून डिकीत टाकलेल्या. मधली होती ७ इंची. ती तशीच. नऊ फुटी बोर्डाला ७ इंचाची एकटी फिन, सटकणार नाही तर काय होणार.

त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. मी काही शेपर नाही, बोर्ड बनवत नाही. मूळचा मालवणचा, नोकरीपायी सॅन डिएगोजवळ राहतो, सर्फिंगला लागलो ३८व्या वर्षी, आणि बहुतेक रविवारी सकाळी सॅन ओनोफ्रेला, इथल्या सर्फिंगच्या किनाऱ्यावर, असतो. गॅरेजमध्ये माझ्या सात फिन आहेत. त्यातल्या दोनच पाण्यात जातात, बाकीच्या पाच म्हणजे मी भरलेली फी.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही अजून किनाऱ्याजवळच्या फेसात पॉप-अप, म्हणजे पोटावरून झटकन उभं राहणं, करत असाल, हिरव्या न फुटलेल्या लाटेवर बाजूला जात नसाल, तर फिनचा विचारच करू नका. स्कूलच्या फोमच्या बोर्डाला प्लास्टिकच्या ज्या काही फिन असतात त्या तुम्हाला पुरतात. फक्त उलट्या लावलेल्या नाहीत ना तेवढं बघा, हसू नका, भाड्याच्या बोर्डांवर हे मी दोनदा बघितलंय. फिनचं टोक मागे, टेलकडे, म्हणजे बोर्डाच्या शेपटीकडे झुकलेलं हवं. पुढे झुकलेलं दिसलं तर उलटी आहे.

फिन करते काय

बरेच जण म्हणतात फिन म्हणजे सुकाणू. नाही. सुकाणू फिरतं, फिन जागची हलत नाही. लाँगबोर्डचं सुकाणू म्हणजे तुमचे पाय. फिन म्हणजे होडीच्या तळाचा पठाण, म्हणजे तळाखालचा कणा (कील), जो होडीला वाऱ्याबरोबर बाजूला घसरू देत नाही. तुम्ही लाटेच्या भिंतीवर आडवे निघालात की पाणी त्या भिंतीवर खालून वर चढत असतं, ते टेलला बाजूला ढकलायला बघतं, आणि फिन त्या पाण्यात रोवलेली असल्यामुळे टेल जागेवर राहतं. एवढंच काम. बाकी सगळं, वळणं सोपी होणं, नोजवर, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकावर, चालत जाता येणं, हे त्या धरून ठेवण्याच्या कमी-जास्तीतून येतं.

पठाण हा शब्द मी उगाच वापरला नाही. पहिली फिन खरोखर तसल्याच तुकड्याची होती. १९३५ साली हवाईत वायकिकीला टॉम ब्लेकने एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा छोटा धातूचा पठाण काढून आपल्या बोर्डाच्या शेपटीला बसवला. त्याआधी लोक बिनफिनचे भले मोठे लाकडी बोर्ड चालवायचे आणि वळायचं असेल तर एक पाय पाण्यात घालून ओढायचे. मला तर आजही घाबरलो की पाय पाण्यात घालावासा वाटतो.

पायरी १: बोर्ड उलटा करा

खाली काय काय आहे ते बघा. मध्यभागी एक लांब खोबण असेल, साधारण साडेदहा इंच लांब, तो लाँगबोर्डचा फिन बॉक्स. याला यूएस बॉक्स म्हणतात, आणि नशिबाने याच्यात जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या सिंगल फिन बसतात. फक्त तेवढाच बॉक्स असेल तर तुमचा बोर्ड सिंगल फिन. बाजूला दोन छोटे बॉक्स किंवा भोकांच्या जोड्या असतील तर टू-प्लस-वन. काही जुन्या धाटणीच्या बोर्डांवर फिन फायबरग्लासने कायमची चिकटवलेली असते, तिथे निवडीचा प्रश्नच नाही, हा लेख बंद करून पाण्यात जा.

बाजूच्या फिनमध्ये मात्र भानगड आहे. एफसीएस आणि फ्यूचर्स या दोन वेगळ्या पद्धती. एफसीएसच्या फिनला खाली दोन छोटे दात असतात, फ्यूचर्सच्या फिनला एकच लांब पट्टी. एकीची दुसरीत बसत नाही. एफसीएस टूमध्ये तर पेचही लागत नाही, दाबली की टक् आवाज होऊन बसते. म्हणून ऑनलाइन बाजूच्या फिन मागवण्याआधी बॉक्सचा फोटो काढून दुकानदाराला पाठवा. माझ्या सातांतली एक जोडी याच कारणाने पडून आहे.

पायरी २: माप

जुना ठोकताळा आहे, फुटाला एक इंच. ९ फुटी बोर्डाला ९ इंची सिंगल फिन, साडेनऊ फुटीला साडेनऊ. हा काही न्यूटनचा नियम नाही, पण सुरुवात म्हणून याच्याइतकं चांगलं काही नाही. मग तुमचं वजन बघा. ६० किलोच्या आतले असाल तर अर्धा इंच कमी चालेल, ८५-९० च्या पुढे असाल तर अर्धा इंच जास्त घ्या. इंच म्हणजे फिनची खोली, बोर्डाच्या तळापासून टोकापर्यंत सरळ खाली. तिरकस मापू नका, मागे झुकलेली फिन तिरकस मापली की उगाच मोठी भरते.

टू-प्लस-वनमध्ये हिशोब वेगळा. तिथे पकडीचं काम तिघी वाटून घेतात, म्हणून मधली छोटी, साडेसहा ते साडेसात इंच, आणि बाजूच्या सव्वातीन ते पावणेचार इंचाच्या आसपास. भावाची चूक इथेच झाली, दोघींना रजा दिली आणि तिसरीला पगारवाढ दिली नाही. बाजूच्या काढायच्या असतील तर मधली मोठी घ्यावीच लागते, त्याच्या बोर्डाला ९ इंच, आणि मोठी घेईपर्यंत बाजूच्या परत लावायच्या.

पायरी ३: आकार

दुकानात गेलात तर भिंतीवर चाळीस फिन टांगलेल्या दिसतील, प्रत्येकीवर कुठल्या तरी मोठ्या सर्फरचं नाव, आणि तिथेच नवीन माणूस गडबडतो. चाळीसकडे बघू नका. बघायच्या फक्त तीन गोष्टी: फिन किती मागे झुकलीय, पाया किती रुंद आहे आणि टोकाकडे किती निमुळती होतेय.

जी जवळजवळ सरळ उभी असते, टोकालाही रुंद, जाड जिभेसारखी, ती पिव्हट. ही नोजरायडिंगवाल्यांची लाडकी. तुम्ही बोर्डावर चालत पुढे नोजवर गेलात की तुमचं वजन सगळं पुढे आणि टेल वर उचललं जायला बघतं, तेव्हा ही उभी रुंद फिन लाटेत रुतून राहते आणि टेलवरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर त्याला खाली धरून ठेवते. लोकांना वाटतं पिव्हट म्हणजे वळायला जड. तसं नाहीये. टेलवर मागे पाऊल टाकून जोर दिला की बोर्ड तिच्याभोवती खांबाभोवती फिरल्यासारखा जागच्या जागी वळतो, म्हणून तर नाव पिव्हट. जड वाटते ती वेगात, मोठं लांब वळण घेताना.

दुसरी मागे झुकलेली, रेकवाली. टोक पायाच्या बरंच मागे जातं, माशाच्या पाठीवरच्या परासारखं. ही जागच्या जागी फिरत नाही, लांब, सलग, कमानीसारखं वळण घेते. लाटेची भिंत लांब असेल, वेग असेल, तर हिच्यासारखी मजा नाही. आणि एक फायदा जो कॅलिफोर्नियात लगेच कळतो: हिच्यात समुद्री वनस्पती अडकत नाही. आमच्याकडे केल्पच्या लांब दोऱ्या पाण्यात तरंगत असतात, सरळ उभ्या पिव्हटला त्या अशा गुंडाळतात की भर लाटेवर कोणीतरी मागून शर्ट ओढल्यासारखं होतं. झुकलेल्या फिनवरून त्या घसरून जातात. गोव्यात केल्प नाही, पण जाळ्याचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या आहेतच की.

तिसरी फ्लेक्स. पाया रुंद आणि वर टोक एकदम बारीक, हाताने वाकवली की वाकते. याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनोने डॉल्फिन आणि ट्यूना, म्हणजे आपला कुपा, यांचे पर आणि शेपट्या बघून पातळ, लवचिक, मागे झुकलेली फिन केली, आणि तेव्हाच्या जाड डी आकाराच्या फिनच्या निम्मं धूडसुद्धा तिचं नव्हतं. १९६६ला सॅन डिएगोला जागतिक स्पर्धा झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग तसल्या फिनवर येऊन जिंकून गेला. कुपा मासळीबाजारात आडवा पडलेला असतो तेव्हा त्याची शेपटी एकदा हातात धरून वाकवून बघा, मुळाशी कडक आणि टोकाला लवलवीत, तेच गणित. वळणातून बाहेर येताना फिन वाकलेली असते ती सरळ होते आणि थोडा धक्का देते. पण तो धक्का जाणवायला आधी नीट वळता यायला हवं, त्यामुळे पहिली फिन म्हणून ही घेऊ नका.

चौथी कटअवे, पायाजवळ मागून घास घेतल्यासारखी कापलेली. ही एकटी चालवायची नसते, बाजूच्या दोघींबरोबर चालवायची, टू-प्लस-वन बोर्डांबरोबर बऱ्याचदा हीच येते.

मग घ्यायची कुठली? माझं मत सरळ आहे, पिव्हट आणि रेक यांच्या मधली, थोडीशी मागे झुकलेली, टोक ना फार रुंद ना फार बारीक. दुकानात ऑल-राउंड म्हणून जी देतात ती. दिसायला एकदम साधी, फोटोत काही खास वाटत नाही, आणि वर्षभर तीच वापरा. मी पहिली विकत घेतली ती १० इंची, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी पिव्हट, कारण मला नोजरायडिंग करायचं होतं. तेव्हा मला बोर्डावर दोन पावलंसुद्धा चालता येत नव्हतं. त्यात सॅन ओनोफ्रेला तळाशी गोल दगड, ओहोटीला पाणी कमरेइतकंही नसतं, तिसऱ्याच दिवशी फिन दगडावर आपटली आणि मी बोर्डापुढे उडून पडलो.

पायरी ४: बसवायची कशी

हे कोणी शिकवत नाही आणि सगळ्यांचा इथेच पोपट होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

यूएस बॉक्सच्या फिनबरोबर एक पेच आणि एक छोटी चौकोनी चकती येते, नखाएवढी, मध्ये आटे पाडलेलं भोक. फिनच्या पायाला मागच्या बाजूला एक आडवी पितळी पिन असते आणि पुढच्या बाजूला पेचासाठी भोक. बॉक्सच्या खोबणीत आतून दोन्ही बाजूंना खाचा असतात, आणि साधारण मध्यावर त्या खाचांमध्ये शिरायला एक रुंद जागा सोडलेली असते. पहिल्यांदा चकती त्या रुंद जागेतून खाचेत सोडायची आणि पुढे, नोजच्या दिशेने, सरकवायची. चकती बोटाने सरकत नाही, बोट आत जात नाही, म्हणून युक्ती अशी की पेच चकतीत दोन आटे फिरवून घ्यायचा, पेचाला धरून चकती हवी तिथे न्यायची आणि मग पेच परत सोडवून काढायचा. मग फिनची मागची पिन त्याच रुंद जागेतून आत घालायची, फिन मागे ढकलायची, पुढचा भाग खाली दाबून बसवायचा, भोकातून वाकून बघायचं, खाली चकतीचं भोक दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर फिन काढा, चकती परत हलवा. दिसलं की पेच घाला.

पेच घट्ट करा पण ताकद लावू नका. चकती पितळेची असली तर आटे लगेच जातात, आणि आटे गेले की पेच गोल गोल फिरत राहतो आणि तुम्हाला वाटतं बसला. मी एकदा असाच, पेच चकतीत गेलाच नव्हता, नुसता भोकात उभा होता, आणि मी खुशाल पाण्यात गेलो. दुसऱ्या लाटेवर बोर्ड एकदम हलका झाला, टेल गर्रकन फिरलं, आणि ८० डॉलरची फिन प्रशांत महासागराला अर्पण. तेव्हापासून पेच लावला की फिन धरून बोर्ड थोडा हलवतो, फिनमध्ये खुटखुट आली की परत उघडायचं. फिन बॉक्समध्ये बाजूला डुलत असेल तर पायाला मास्किंग टेपचा एक थर लावा, जास्तच घट्ट असेल तर पायाला बाजूने पॉलिश पेपर मारा, बॉक्सला नाही.

एक जास्तीची चकती आणि पेच गाडीत ठेवाच. वाळूत पडली की गेली, पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून वाळू चाळणारे लोक दर रविवारी दिसतात. आणि भारतात असाल तर हे लक्षात घ्या की बऱ्याच फिनचे पेच अमेरिकन ८-३२ मापाचे असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला ४ एमएमचा पेच हुबेहूब तसाच दिसतो पण आटे जुळत नाहीत, जबरदस्तीने फिरवलात तर चकती खराब. पेच आणि चकती जोडीनेच घ्यायची. बाजूच्या फिनला एलन की लागते, ३/३२ इंचाची, एफसीएस आणि फ्यूचर्स दोन्हीला तीच.

बाजूच्या फिन लावताना डावी-उजवी बघा. एक बाजू सपाट आणि एक फुगीर असते, सपाट बाजू आत, मधल्या फिनकडे.

पायरी ५: सरकवा, हीच खरी फिन निवडणं

आता मुद्द्याचं. साडेदहा इंची बॉक्समध्ये फिनला पुढे-मागे करायला दोन-तीन इंच जागा मिळते. ती जागा उगाच ठेवलेली नाही. फिन मागे, टेलकडे नेली की बोर्ड स्थिर होतो, सरळ चालतो, टेल जास्त धरून राहतं, वळायला जरा जोर लागतो. पुढे, नोजकडे आणली की बोर्ड सैल होतो, पटकन वळतो, आणि फार पुढे आणली की सटकायला लागतो. अर्धा इंचाने एवढा फरक पडतो की लोकांना वाटतं दुसराच बोर्ड आहे. आणि या प्रयोगाला एक पैसा लागत नाही, लागतो फक्त स्क्रूड्रायव्हर.

कसं करायचं ते सांगतो. पहिल्या दिवशी फिन बॉक्सच्या बरोबर मध्यभागी. फिनचा मागचा कोपरा जिथे येतो तिथे बॉक्सच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारा. दोन-तीन दिवस, म्हणजे पाण्यातले दिवस, काहीच बदलू नका, कारण एका सकाळी लाट खराब असते, एका सकाळी झोप झालेली नसते, आणि त्याचं खापर फिनवर फुटतं. मग अर्धा इंच मागे. परत दोन दिवस. मग मध्यापासून अर्धा इंच पुढे. शक्यतो त्याच किनाऱ्यावर आणि भरती-ओहोटीच्या साधारण त्याच वेळेला, नाहीतर तुलना कशाची कशाशी करताय तेच कळत नाही. मोबाइलमध्ये दोन ओळी लिहून ठेवा. माझ्या जुन्या नोंदीत "मध्य: ठीक. पाव मागे: उजवीकडे मस्त, डावीकडे ढिम्म" असं काहीबाही आहे, पण त्यातूनच मला कळलं की डावीकडे न वळण्याचा दोष फिनचा नव्हता, माझा मागचा पाय टेलपासून फूटभर पुढे पडत होता. पाव इंचाचे बदल पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर, आधी नको, आधी ते जाणवतच नाहीत.

वागणूक बघून काय करायचं ते असं. आडवं जाताना टेल सटकतंय: फिन मागे घ्या. अगदी मागे नेऊनही सटकतंय, तेव्हा मोठी फिन किंवा बाजूच्या दोन लावा. बोर्ड वळतच नाही, रेल्वेच्या रुळावर असल्यासारखा: आधी तुमचा मागचा पाय बघा, खरंच टेलवर आहे का, दहातल्या आठ वेळा नसतो. असेल तर फिन पुढे. पुढे नेऊनही जड वाटतंय तर अर्धा-एक इंच छोटी फिन. नोजकडे चालत जाताना बोर्ड बाजूला सरकतो: मागे घ्या, आणि हे वारंवार करायचं असेल तर मग पिव्हटचा विचार करा, तेव्हा, आधी नाही.

मोठ्या लाटेला मी फिन मागे घेतो आणि छोट्या आळशी लाटेला पाव इंच पुढे. पण रोज सकाळी बदलणारे असतात त्यांच्या नादी लागू नका, ते पाण्यात कमी आणि पार्किंगमध्ये जास्त असतात.

बाजूच्या दोन लावायच्या की नाही

यावरून इकडे लोक कट्ट्यावर तास तास भांडतात, एकेकाचा धर्मच असतो. मालवणी माणसाला सांगायचं तर बाजूच्या फिन म्हणजे होडीची उलांडी, होडीला बाजूने बांधलेलं आधाराचं लाकूड, तोल आणि भरवसा देतात, पण होडी थोडी अडखळतेही. सिंगल फिन पाण्यातून जास्त मोकळी सरकते, सॅन ओनोफ्रेसारख्या हळू, तिरप्या, मवाळ लाटेवर बाजूच्या फिनची गरज पडत नाही. लाट पटकन उभी राहून फुटणारी असेल, गोव्यातल्या आश्वे-मांद्रेच्या वाळूवरच्या लाटा बऱ्याचदा अशा, छोट्या पण घाईच्या, तिथे बाजूच्या दोन फिन नवीन माणसाला वाचवतात, कारण वर उभं राहून लगेच रेल, म्हणजे बोर्डाची बाजूची कड, भिंतीत घालावी लागते आणि टेलला थारा हवा असतो. चेन्नईजवळ कोवळमला पॉइंटवर उजवीकडे लांब चालणारी लाट मिळते, तिथे जाणार असाल तर मोठी सिंगल फिन सोबत न्या. पावसाळ्यात गोव्यात कुठलीच फिन नको, तो समुद्र शिकणाऱ्यांसाठी नाही.

भावाला मी हेच सांगितलं. डिकीतल्या दोन्ही परत लाव, मधली ७ इंची बॉक्सच्या मध्यावर ठेव. तीन आठवड्यांनी गोव्याहून मेसेज आला, "चिकटला रे दादा बोर्ड लाटेला", आणि खाली लगेच, "पण आता वळत नाही". म्हटलं अर्धा इंच पुढे कर. आता तो ९ इंची सिंगल शोधतोय, शोधू दे, आता त्याला शोधायचा हक्क आहे.

माल कसला आणि बाकीचं

प्लास्टिक-नायलॉनची फिन स्वस्त, वाकते, दगडावर आपटली तरी तुमचं मोठं नुकसान होत नाही, शिकताना चालते. फायबरग्लासची चांगली, कडा नीट घासलेल्या, इकडे साधारण ७० ते १०० डॉलरला मिळते, भारतात बाहेरून मागवली तर कस्टम्स वेगळं धरा. वापरलेली घेत असाल तर बेलाशक घ्या, फिनला सहसा काही होत नाही. फक्त पायाला तडा नाही ना, पितळी पिन हलत नाही ना, आणि पुढच्या-मागच्या कडेला टवके नाहीत ना ते बोट फिरवून बघा. मागच्या कडेला टवका किंवा ओबडधोबडपणा असला की वेगात फिन गुणगुणते, खरोखर, बारीक ऊंऽऽ असा आवाज ऐकू येतो. लोक घाबरतात. बारीक पॉलिश पेपरने मागची कड घासून एकसारखी केली की बहुतेक वेळा गाणं बंद.

नवीन फायबरग्लास फिनची कड चाकूसारखी असते. माझ्या पोटरीवर सहा टाक्यांची खूण आहे, ती माझ्याच बोर्डाच्या फिनची, कोणाला दोष द्यायची सोय नाही. शिकणाऱ्यांनी २२० नंबरचा पेपर घेऊन कडेची धार नुसती मारावी, आकार बदलायचा नाही, बोट फिरवलं तर कापू नये इतकंच. पडताना बोर्डापासून लांब, सपाट पडा, सूर मारू नका, आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर घेऊनच वर या, कारण लीशने, म्हणजे पायाला लावलेल्या दोरीने, बांधलेला बोर्ड तुमच्या डोक्यावरच घिरट्या घालत असतो आणि तो बऱ्याचदा उलटा असतो.

किनाऱ्यावर येताना शेवटपर्यंत बोर्डावर उभं राहून वाळूत घुसायचा मोह होतो, फोटो छान येतो. ९ इंची फिन वाळूत रुतते तेव्हा सगळा भार बॉक्सवर येतो आणि बॉक्स बोर्डातून उपटला की दुरुस्ती फिनच्या किमतीपेक्षा महाग. मांडीभर पाणी असतानाच उतरा. विमानाने किंवा बसच्या टपावर बोर्ड नेताना फिन काढून कपड्यात गुंडाळा.

आणि घरी आल्यावर बॉक्सवर गोडं पाणी ओता, खोबणीतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा, महिन्यातून एकदा पेच पूर्ण उघडून परत लावा, नाहीतर मीठ धरून तो असा जाम बसतो की डोकंच गोल होऊन जातं. फिन काढून ठेवणार असाल तर चकती आणि पेच फिनच्याच भोकात एकत्र फिरवून ठेवा, वर टेपचा एक तुकडा. पुढच्या वेळी शोधावं लागत नाही.